ड्रम सँडरमधून फळी करपून येते: आधी डाग वाचा, पाना नंतर उचला

ड्रम सँडर म्हणजे फळी घासून सपाट करणारं मशीन: वर पॉलिश पेपरची पट्टी वेढे देत गुंडाळलेला फिरता ड्रम, खाली फळी पुढे नेणारा कन्व्हेयरचा पट्टा. त्याबद्दलची तक्रार साधारण अशी असते. फळी एका बाजूने चांगली आत जाते आणि दुसऱ्या बाजूने अंगावर काळी-तपकिरी रेघ घेऊन बाहेर येते. खोलीत भाजल्याचा वास. पेपर नवा आहे, तरीही. कधी मोटर गुरगुरते आणि ओव्हरलोडचं लाल बटण (भार जास्त झाला की मोटर बंद करणारं) बाहेर येतं, कधी पेपरच ड्रमवरून सुटून फाटतो. साफसूफ केली की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

घरच्या मागच्या खोलीत किंवा छोट्या गाळ्यात ड्रम सँडर ठेवणारे ओळखीतले बरेच जण आहेत, आणि या एकाच दुखण्यासाठी माझ्याकडे सारखे फोन येतात. बोरिवलीचा एक मुलगा चॉपिंग बोर्ड बनवतो. त्याचा फोन नेहमी एकाच वाक्याने सुरू होतो: "काका, मशीन गेलं." माझा पहिला प्रश्नही ठरलेला: "डाग आडवा आहे की उभा?" मशीन सहसा गेलेलं नसतं.

लक्षणं

डाग घासून पुसायची घाई करू नका. फळी खिडकीपाशी तिरपी धरा आणि नीट बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

– फळीच्या लांबीभर एकच बारीक काळी रेघ: पेपरवर त्या जागी राळ किंवा गोंद चिकटून चकचकीत ठिपका झाला आहे. खात्री करायची तर फळी पाच-सात सेंटिमीटर बाजूला सरकवून पुन्हा घाला. रेघ फळीवर नव्या जागी उमटली तर दोष पेपरचा. जुन्याच जागी राहिली तर लाकडातच राळेची शीर आहे.

– एका कडेला रुंद, फिकट तपकिरी पट्टा: पेपरचा वेढा वेढ्यावर चढला आहे, किंवा त्या बाजूला ड्रम खाली आहे, किंवा फळीच तिथे जाड आहे. तिसरी शक्यता सगळ्यात जास्त वेळा खरी निघते.

– मधेच एक आडवा डाग, हाताला किंचित खोलगट: फळी तिथे थांबली आणि ड्रम फिरत राहिला. म्हणजे पेपर नव्हे, खालचा कन्व्हेयरचा पट्टा बघायचा.

– समान अंतरावर आडव्या बारीक लाटा: डोळ्याला कमी दिसतात, बोटाला जास्त लागतात. हे करपणं नाही, थरथर आहे. बेअरिंग, ढिला बोल्ट, हलणारं स्टँड किंवा धक्के देत चालणारा कन्व्हेयर.

– सगळी फळीच करपट, आवाज जड, ओव्हरलोड पडतो: एका वेळी फार खोल जाताय, किंवा पेपर संपलाय, किंवा मोटरला वीज नीट पोचत नाही.

टोकाला दोन बोटं रुंद खळगा पडतो तो प्रकार वेगळा. तो दाब-रोलरचा (फळीला वरून दाबून धरणाऱ्या रोलरचा) आणि फळीला आधार नसल्याचा. लांब फळी बाहेर येताना हाताने किंचित उचलून धरली तरी निम्मा कमी होतो. या लेखात त्याला इतकीच जागा.

हे होतं का

घरगुती मशीनचा ड्रम साधारण पाच इंच व्यासाचा असतो आणि मिनिटाला १४०० च्या आसपास फेरे घेतो. फळी मिनिटाला दीड मीटर वेगाने सरकत असेल तर ड्रमच्या एका फेऱ्यात ती सुमारे एक मिलिमीटर पुढे जाते. बटण फिरवून तोच वेग अर्ध्या मीटरवर आणलात तर एका फेऱ्यात जेमतेम एक-तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे लाकडाचा तोच तुकडा तिप्पट वेळा घासला जातो. "हळू घातलं तर फिनिश चांगला येतो" हे खरं, पण हळू आणि खोल एकदम घातलं तर फिनिशच्या आधी धूर येतो.

दुसरी गोष्ट पेपरच्या कणांची. ८० नंबरच्या पेपरवरचा कण सरासरी २०० मायक्रॉनचा, १२० नंबरचा सव्वाशे मायक्रॉनचा, १८० नंबरचा ऐंशीच्या आसपास. कापणं कणाच्या धारेने होतं, पण कापलेला भुसा बाहेर नेण्याचं काम दोन कणांमधल्या मोकळ्या जागेचं. कण बारीक तशी ही जागाही कमी. ती भरली की धार लाकडापर्यंत पोचतच नाही. पेपर कापायचं सोडून नुसता घासतो. घासण्याची उष्णता घेऊन जायला भुसाही उडत नाही, मग ती लाकडातच राहते. गरम झालेली राळ पेपरवर वितळून बसते, तिथे आणखी घासलं जातं, आणखी तापतं. एकदा सुरू झालं की हे चक्र आपोआप थांबत नाही.

म्हणून खालचा क्रम. आधी फुकटचे उपाय, मग थोड्या पैशांचे, शेवटी पाना लागणारे. उलट क्रमाने गेलात, म्हणजे ड्रमची पातळी आधी हलवलीत, तर मूळ दोष राहतो आणि वर नवा येतो.

घासण्याची खोली आणि वेग

सगळ्यात आधी वरचं चाक. बऱ्याच मशीनवर एका पूर्ण फेऱ्याला ड्रम साधारण १.६ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वरखाली होतो. तुमच्या मशीनचं माप पुस्तिकेत बघा. ८० नंबरला एका वेळी पाव फेऱ्यापर्यंत, १२० नंबरला आठव्या भागापर्यंत, आणि १५० च्या पुढे नुसता चाकाचा स्पर्श. सागवान, शिसव, बाभूळ असलं कडक किंवा तेलकट लाकूड असेल तर याच्याही निम्मं.

फळीला बाक असेल तर हे सगळं गणित फसतं. पोटाकडे जाड असलेली फळी टोकाच्या मापाने घातली की मधे ड्रम दुप्पट खोल जातो, आणि वर सांगितलेला रुंद तपकिरी पट्टा नेमका तिथे उमटतो. त्यामुळे मोजमाप नेहमी फळीच्या सर्वांत उंच जागी घ्या. प्लग काढा, फळी ड्रमखाली सरकवा, ड्रम हाताने फिरवत चाक खाली आणा. पेपर लाकडाला जेमतेम खरवडू लागला की ती तुमची सुरुवात.

मग फळीवर पेन्सिलने नागमोडी रेघा ओढा आणि एकदा घाला. रेघा कुठे पुसल्या, कुठे राहिल्या यावरून ड्रम नक्की कुठे लागतोय ते कळतं. दोन रुपयांच्या पेन्सिलीइतकं खरं बोलणारं हत्यार या खोलीत दुसरं नाही.

खोली कमी केली तर कन्व्हेयरचा वेग वाढवा. बहुतेक घरगुती मशीनवर तो शून्यापासून मिनिटाला तीन मीटरपर्यंत जातो. मी सुरुवात अर्ध्याच्या वर कुठेतरी करतो आणि आवाज ऐकून ठरवतो. मोटरचा सूर खाली बसू लागला तर वेग कमी करण्याऐवजी खोली कमी करा. बहुतेक लोक इथे उलट करतात.

फळी सरळ न घालता थोडी तिरपी घातली तर पेपरच्या एकाच जागेवर सगळा भार येत नाही आणि रेघही पडत नाही. शेवटची एक फेरी मात्र लाकडाच्या रेषांच्या दिशेने, सरळ. चाक न हलवता एक जादा फेरी दिली की लाकूड आणि मशीन दोन्ही जे किंचित दबलेलं असतं ते मोकळं होतं आणि पृष्ठ सारखं येतं. एकच फेरी. चार दिल्या तर तुम्ही पेपर नुसता घासताय.

आणि नंबर उड्या मारत वाढवू नका. ८० नंतर थेट १८० लावला तर १८० ला ८० चे सगळे चरे काढावे लागतात. ते त्याचं काम नाही, तो करपतो. चॉपिंग बोर्डसारखा उभ्या रेषांचा, म्हणजे रेषांची टोकं वर आलेला पृष्ठ असेल तर आणखी जपून. रेषांची टोकं कडक असतात आणि लवकर काळी पडतात. तिथे ८० नंबरवर जास्त वेळ घालवा, १२० वर थांबा आणि पुढचं हाताने किंवा हातात धरायच्या ऑर्बिटल सँडरने करा. बोरिवलीच्या मुलाचे निम्मे फोन एवढं सांगितल्यावर कमी झाले.

लाकूड

मशीनला दोष देण्याआधी फळीला नखाने कोरून बघा.

फेव्हिकॉलने जोडलेल्या फळ्यांच्या सांध्यावर ओघळ सुकलेले असतात. हा गोंद उष्णतेने मऊ होतो. ड्रमखाली गेला की वितळून पेपरवर पसरतो आणि तिथून पुढे प्रत्येक फळीवर एक काळी रेघ देत राहतो. ओघळ अर्धवट सुकून रबरासारखे झाले असताना पटाशीने किंवा स्क्रेपरने काढा. पूर्ण कडक झाले तर निदान रंधा मारून. दोन मिनिटांचं काम आहे आणि एक पट्टी पेपर वाचतो.

पॅकिंगच्या खोक्यांच्या पाइनमध्ये राळ असते, विशेषतः गाठींभोवती. सागाचं तेलही पेपर भरतं. अशा लाकडावर मोठ्या नंबरचा पेपर जितक्या उशिरा लावाल तितकं बरं.

मुंबईत जुन्या इमारतींच्या पाडकामातून आलेलं सागवान मिळतं, तुळया, चौकटी, जिन्याच्या पायऱ्या. त्यातलं बरंचसं ब्रह्मदेशी साग, रेषा अशा दाट की आज नव्या मालात दिसत नाहीत. पण त्यात खिळे असतात, डोकी मोडून आत राहिलेले. एक खिळा आख्खी पट्टी उभी फाडतो, ठिणगीही टाकतो. ती ठिणगी भुशाच्या पिशवीत गेली तर लगेच काही दिसत नाही. तासाभराने धूर येतो. जुन्या लाकडावर आधी ताकदीचा लोहचुंबक फिरवा. वर जुना तैलरंग असेल तर तो ड्रमखाली घालूच नका. एक तर तो वितळून पेपर भरतो. दुसरं म्हणजे जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, आणि ती धूळ घरात, तेही मुलं असलेल्या घरात, उडवायची नसते. रंगाची फळी रंधा मशीनवाल्याकडे नेऊन वरचा थर उतरवून आणा.

आणि ओल. जून ते सप्टेंबर हवेत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकूड १६ टक्के ओलाव्यापर्यंत जाऊन बसतं. नव्वद टक्क्यांच्या हवेत वीसपर्यंत. ओलसर लाकडाचा भुसा पीठ न होता लगदा होतो आणि कणांमधे थापून बसतो. मेमध्ये छान चाललेलं मशीन जुलैत करपवायला लागलं असेल आणि तुम्ही मशीनमध्ये काही बदललेलं नसेल, तर बदलली आहे ती हवा. ओलावा मापक घेतलात तर उत्तम. नसेल तर फळी आठवडाभर पंख्याखाली, मधे चिपा लावून रचा.

पेपर: आधी साफ करा, मग पुन्हा गुंडाळा

पेपर फेकण्याआधी क्रेप रबरची कांडी वापरून बघा. पिवळसर, खोडरबरासारखी जाड वडी मिळते. नाहीच मिळाली तर क्रेप सोलच्या जुन्या चपलेचा तुकडाही तेच काम करतो. डस्ट कलेक्टर (भुसा ओढणारं यंत्र) चालू, ड्रम चालू, वरचं झाकण उघडून चालणाऱ्या मशीनवरच. कांडी फिरत्या ड्रमवर हलकेच टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. चष्मा आणि मास्क हवाच. बाही वर, हातमोजे नाहीत, बोटं कांडीच्या मागच्या टोकाला. झाकण उघडलं की बंद पडणारं मशीन असेल तर ती सोय बाद करायच्या भानगडीत पडू नका. अशा वेळी लांब क्रेपचा तुकडा लाकडाच्या पट्टीला चिकटवून तो फळीसारखा खालून घालतात. हलकेच.

एकच चकचकीत ठिपका असेल तर प्लग काढून तो भाग पितळी ब्रशने साफ करा. ठिपका दगडासारखा जळून बसला असेल तर पट्टी गेली. तिथून पुढे रेघ येणारच.

कापडी पाठीची पट्टी रात्रभर मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवून, ब्रश मारून, दोन दिवस उघड्यावर वाळवून पुन्हा वापरता येते. राळेसाठी हे चांगलं चालतं, जळलेल्या गोंदासाठी नाही. कागदी पाठीला हा प्रयोग करू नका. आणि टर्पेंटाइनचा वास असलेली पट्टी ड्रमवर चढवू नका. मोटर, ठिणगी आणि वाफ एका झाकणाखाली नको.

आता गुंडाळणी. वारंवार येणाऱ्या तक्रारींचं मूळ मला इथे सगळ्यात जास्त वेळा सापडतं. पट्टी ड्रमभोवती नागमोडी न जाता एका सलग वळणाने जाते, दोन्ही टोकं क्लिपमध्ये. मोटरकडच्या टोकाची क्लिप स्प्रिंगची असते, आणि तिचं काम पट्टी चालताना ढिली झाली की ती ओढून धरणं. कारण पट्टी तापली की ताणली जाते. पावसाळ्यात तर ती आधीच ओल पिऊन सैल झालेली असते. स्प्रिंग क्लिप पट्टी लावतानाच पूर्ण मागे गेली असेल तर ओढायला जागाच उरत नाही. दहा मिनिटांनी पट्टी सैल होते, एक कडा दुसरीवर चढते, तेवढा भाग दुप्पट जाड होऊन लाकडाला रेटतो. रुंद तपकिरी पट्टा, आणि थोड्या वेळात फाटलेला पेपर.

तपासायचं असं: प्लग काढा. अंगठ्याने पट्टी ड्रमवर बाजूला ढकला. सरकली तर सैल आहे. वेढ्यांमधली फट एक-दोन मिलिमीटरच्या आत आणि सगळीकडे सारखी हवी. चढलेला वेढा कुठेच नको. स्प्रिंग क्लिपमध्ये पुढे सरकायला जागा शिल्लक आहे का बघा, नसेल तर पट्टीचं टोक थोडं कापून पुन्हा लावा. नवी पट्टी लावली की पाच मिनिटं हलक्या फळ्या घाला, बंद करा, प्लग काढा आणि पुन्हा एकदा ताणून घ्या. हा दुसरा ताण बहुतेक जण देत नाहीत.

तयार कापलेल्या पट्ट्या महाग वाटत असतील तर नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला कापडी पॉलिश पेपरचा रोल मीटरवर मिळतो. जुनी पट्टी वर ठेवून मागच्या बाजूने धारदार पात्याने कापा. दोन्ही टोकांचा तिरका कोन जुन्यासारखाच यायला हवा, नाहीतर पहिला वेढाच चुकीच्या वाटेला लागतो. रोल घरी हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

वेल्क्रोचा ड्रम असेल तर ताणाची भानगड नाही, पण उष्णतेने वेल्क्रोचे आकडेच वितळतात. पेपर जागेवरून फिरू लागला तर तेच झालंय.

भुसा ओढणारं यंत्र

ड्रम सँडरला साधारण १०० मिलिमीटरचं तोंड असतं आणि ते मोठ्या हवेसाठी आहे. घरचा व्हॅक्यूम क्लीनर अडॅप्टर लावून जोडतात तेव्हा दाब भरपूर असतो, हवा कमी. भुसा झाकणाखालीच घोंघावत राहतो आणि पुन्हा ड्रमखाली जातो. करपण्याचं हे अर्धं कारण.

डस्ट कलेक्टर असेल तर पिशवी झटका. बारीक पीठ कापडाच्या विणीत बसलं की ओढ निम्म्यावर येते, पावसाळ्यात लवकर. पाइप जितका लांब आणि सुरकुत्यांचा तितकी ओढ कमी, म्हणून यंत्र सँडरच्या शेजारी आणा. तपासायला टिश्यू पेपरची पट्टी मशीनच्या आत जाणाऱ्या फटीपाशी धरा. जोरात आत ओढली गेली पाहिजे, नुसती हलून उपयोग नाही.

मास्क एन ९५ दर्जाचा. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, आणि ड्रम सँडरची धूळ सगळ्यात बारीक. पाइप खिडकीबाहेर सोडण्याची कल्पना मुंबईत सुचतेच. वरच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे वाळत असतात एवढं लक्षात ठेवा.

वीज

दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालताना आठ ते दहा अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या काही पट. तिला १६ अँपिअरचा सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. सहा अँपिअरच्या सॉकेटमधून, लग्नाच्या लायटिंगला वापरतात तसल्या बारीक एक्स्टेन्शनवर चालवलं की मोटरपाशी व्होल्टेज घसरतं. ते दहा टक्के घसरलं, म्हणजे २३० चं २०७ झालं, की मोटरची ताकद जवळपास एक-पंचमांश कमी होते. ड्रम मंदावतो, फळी मात्र त्याच वेगाने येत राहते. त्याच सॉकेटवर डस्ट कलेक्टरही असेल तर विचारूच नका.

तपासायला सोपं: एक्स्टेन्शन काढून मशीन थेट भिंतीच्या १६ अँपिअरमध्ये लावा, डस्ट कलेक्टर दुसऱ्या सर्किटवर. दहा मिनिटं चालवून बंद केल्यावर प्लगला हात लावा. गरम लागला तर सॉकेट किंवा वायरमध्ये दोष आहे, आणि इथे थांबायचं. वायरमन बोलवा.

अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने पाठवलेलं मशीन असेल तर ट्रान्स्फॉर्मर लावून ११० व्होल्ट मिळतात, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०. ट्रान्स्फॉर्मर हा आकडा बदलत नाही. अशी मोटर इथे सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि जास्त तापते. त्या मशीनवर खोली कमीच ठेवायची, दुसरा स्वस्त इलाज नाही.

कन्व्हेयर

आडवा, खोलगट डाग असेल तर थेट इथे या. फळी थांबते ती दोन कारणांनी. एक, पट्ट्यावर धूळ बसून पकड गेलेली असते. ओल्या फडक्याने नाही, ब्रशने आणि क्रेपच्या कांडीने साफ करा. दोन, पट्टा सैल आहे किंवा एका बाजूला सरकतोय. मागच्या रोलरच्या दोन्ही बाजूंना ताणाचे नट असतात. ज्या बाजूला पट्टा सरकतोय त्या बाजूचा नट पाव फेरा घट्ट करा, मग तीन-चार मिनिटं चालवून बघा. पट्टा उशिरा प्रतिसाद देतो. घाईने पुन्हा फिरवलात तर तो दुसऱ्या बाजूला पळतो आणि कड फाटते.

दाब-रोलर फळीला पुरेसे दाबत नसतील तरी फळी घसरते, जास्त दाबत असतील तर टोकाला खळगा पडतो. पुस्तिकेतलं माप धरा आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवा.

ड्रमची पातळी

इथपर्यंत सगळं करूनही फळीच्या एकाच कडेला तपकिरी पट्टा येत असेल तरच हे. एकाच फळीतून कापलेल्या सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, एक ड्रमच्या डाव्या टोकाला, एक उजव्या, आणि एकाच वेळी घाला. बाहेर आल्यावर व्हर्निअरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) मोजा, मग बाजू बदलून पुन्हा. दोन्ही वेळा त्याच बाजूची पट्टी पातळ आली तर ड्रम खरोखर तिरका आहे. बाजू बदलल्यावर फरकही बदलला तर पट्ट्याच सारख्या नव्हत्या.

फरक एक-दशांश मिलिमीटरच्या आत असेल तर हात लावू नका. जास्त असेल तर टेबलाच्या एका बाजूचा जुळवणीचा नट पुस्तिकेप्रमाणे थोडा थोडा फिरवायचा आणि दर वेळी पुन्हा दोन पट्ट्या. एका बाजूने उघडं मशीन असेल आणि ड्रमपेक्षा रुंद फळ्या दोन फेऱ्यांत करत असाल, तर उघडी बाजू केसभर वर ठेवतात, नाहीतर मधोमध पायरी दिसते. हे मुद्दाम ठेवलेलं वर असतं. "बिघाड" समजून ते सरळ करणारे दोघे-तिघे मला भेटले आहेत.

इथे थांबा

प्लग काढा, पट्टी उतरवा, ड्रम हाताने फिरवा. खरखर लागली, ड्रम वरखाली किंचित जरी हलला, किंवा फिरताना एका जागी अडखळला, तर बेअरिंग किंवा शाफ्टचं काम आहे. बेअरिंग ओढायला पुलर लागतो, आणि शाफ्ट वाकला असेल तर तो लेथवाल्याकडेच सरळ होतो. हातोड्याने बसवलेलं बेअरिंग महिनाभरात पुन्हा आवाज करतं.

मशीनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथल्या तिथे बंद. भिंतीवरचं बटण आधी, प्लग नंतर. अर्थिंग तपासेपर्यंत परत लावू नका. किनाऱ्याजवळच्या खारट हवेत जोड गंजतात आणि अर्थिंगची वायर सुटलेली बाहेरून कळत नाही. एमसीबी किंवा गळतीचा स्विच पडत असेल तर तो बदलून मोठ्या अँपिअरचा लावणं हा उपाय नव्हे. वायरमनशिवाय पेटी उघडू नका.

ओव्हरलोड पडला तर मोटर पूर्ण थंड झाल्यावरच बटण दाबा. हलक्या फळीवर, थेट सॉकेटवर, नव्या पेपरवर तो दुसऱ्यांदा पडला तर तिसऱ्यांदा दाबू नका. मोटरचं काम आहे. कन्व्हेयर धक्के देत चालतोय आणि पट्टा ठीक आहे, तर वेगाचं सर्किट किंवा त्याच्या छोट्या मोटरचे कार्बन ब्रश. पुस्तिकेत ब्रश बदलायची कृती दिली असेल तर प्लग काढून बदला. सर्किट बोर्डला हात लावू नका.

वाइंडरला, म्हणजे मोटरच्या तारा नव्याने गुंडाळून देणाऱ्याला, फोन करताना मोटरवरच्या पत्र्याचा फोटो पाठवा आणि डाग कसा होता, काय काय करून झालं ते सांगा. त्याचा अर्धा तास वाचतो. मोटर नुसती गुणगुणते आणि उठत नाही, हाताने धक्का दिल्यावरच फिरते असं त्याला वाटलं तर आधी कपॅसिटर (मोटरला सुरू होताना जोर देणारा भाग) मोजायला सांगा. तो स्वतः काढायला जाऊ नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहू शकते. कपॅसिटर वाइंडिंगच्या मानाने स्वस्तातला भाग आहे. "मोटर भरून घ्यावी लागेल" हे वाक्य त्याच्या मोजणीनंतरच ऐकून घ्या.